पुसलेल्या फक्कीवरची वसाहत

या रे बाळांनो, या गं पोरींनो, असं लांब उभं राहू नका. चपला तिकडे कडुनिंबाच्या कडेला काढा आणि पुढे सरकून बसा. मांडीला मांडी लागली तरी चालेल, माझ्यावर बसायची रीतच तशी आहे. तुम्हाला एक छान हकिगत सांगते. जवळ टाळ नाही, मृदंग नाही, पण माझ्या धाग्याधाग्यात इतकी कीर्तनं मुरली आहेत की बोलायला लागले की आपोआप चाल लागते. ऐकता ऐकता कुणाला डुलकी आलीच, तर खुशाल आडवं व्हावं. माझ्यावर झोपलेल्याला मी आजवर कधी उठवलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. लाल आणि निळ्या पट्ट्यांची, जाड सुताची, चांगली लांबरुंद. घरातली अंथरुणाखालची सतरंजी वेगळी आणि मी वेगळी. मला उचलायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नसेल तर मी जागची हलत नाही.

नगर शहरातल्या विणकरांच्या गल्लीत राधाकृष्ण नावाच्या कारागिराच्या मागावर माझा जन्म झाला. मला बनवायला सांगितलं होतं गहिनीनाथबुवांनी. बुवा एसटीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी आपल्या चाळीत भजन चालवायचे. राधाकृष्णाने त्यांना विचारलं, "बुवा, सतरंजी केवढी करू?"

"येतील तेवढी मानसं बसली पायजेत."

"ते खरं, पण माप सांगा की. फुटात सांगा."

"पुढं कीर्तनकार, मागं चपला. मधलं सगळं मापच हाय!"

शेवटी राधाकृष्ण हसत हसत स्वतः चाळीत आला आणि त्याने चाळीचं अंगणच मोजून नेलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पट्टे वेगवेगळे विणले आणि जाड दोऱ्याने एकमेकांना जोडले. विणताना तो पायाने माग चालवायचा आणि तोंडाने नाम घ्यायचा. माझ्या पोटात पहिल्यांदा जे गेलं, ते सूत आणि नाम. माझं भाग्य थोर, दुसरं काय!

चाळीत माझे दिवस फार आनंदात गेले. चाळ जुनी होती, पण प्रत्येकाचं दार अंगणात उघडत होतं आणि अंगणात मी होते. एकादशीला कीर्तन, लग्नात मानपानाची बैठक, वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला चाळीतल्याच पंकजच्या घरच्यांची वंदना आणि मग सगळ्या चाळीला वाटीवाटीने खीर. उन्हाळ्यात बायका माझ्यावर बसून शेवया करायच्या. कीर्तनकार महाराज आले की आधी मला हात लावून तो कपाळाला लावायचे, मग उभे राहायचे. एक महाराज तर म्हणाले होते, "नगर जिल्ह्यात लई ठिकानी उभा राह्यलो, पन हिच्यावर पाय ठेवला की आवाज आपसूक लागतो." त्या दिवशी मी इतकी फुगले, की मला गुंडाळताना चौघांच्या नाकी नऊ आले.

माझी खरी मालकीण म्हणाल तर कलाबाई. सगळी चाळ त्यांना कलाआत्या म्हणायची. त्यांना पुढे-मागे कुणी नव्हतं, एक भाचा तेवढा तिसगावला होता. गुडघे धरलेले, आवाज मात्र खणखणीत. कीर्तनात बायकांच्या बाजूने चाल उचलायची ती त्यांनीच. दिवसभर त्या दारात बसायच्या आणि कामावर जाणाऱ्यांची लेकरं सांभाळायच्या. त्यांचं पाणी कुणी भरायचं, भाजी कुणी आणून द्यायचं. कोण काय देतं नि कोण काय घेतं, हे चाळीत कधी कुणी बोललं नाही. माझ्या मळक्या कडा धुवायच्या तर आत्याच सांगायच्या, "ए, हिला नीट झटका. ही काय पायपुसनं हाय का?"

पण मित्रांनो, चाळीच्या भिंती थकल्या होत्या. मालकाने ती पाडायची ठरवली. तेव्हा सगळी बिऱ्हाडं माझ्यावरच बसली आणि एक गोष्ट पक्की झाली, की गेलो तर सगळे मिळून जायचं, फुटायचं नाही. सोसायटी केली, गहिनीनाथबुवांना अध्यक्ष केलं आणि पाथर्डी रस्त्याला, शहर संपतं तिथे, सगळ्यांनी मिळून एक माळ घेतला. माळाच्या मधोमध मोठा कडुनिंब होता आणि मागच्या अंगाने एक ओढा जात होता. ओढ्याच्या काठाने करंज आणि बाभळी.

वसाहतीचा नकाशा काढायला नगरच्याच दिशाताई आल्या. त्या आर्किटेक्ट होत्या आणि स्वभावाने अगदी मनमोकळ्या. त्यांनी माझ्यावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार टाळ ठेवले आणि विचारलं, "सांगा, तुम्हाला काय काय हवंय?"

मग काय! एकाला रुंद रस्ता हवा, एकाला कंपाउंड वॉल हवी, एकाला लोखंडी गेट, सगळ्यांना दारात गाडी. मी खाली पडून वाट बघत होते, की कुणीतरी माझं नाव काढेल. कुणीच काढलं नाही. जी गोष्ट रोज अंगाखाली असते, ती मागून घ्यावी लागते हे त्या भोळ्या माणसांच्या ध्यानातच आलं नाही.

दिशाताईंनी विचारलं, "आणि सगळ्यांनी मिळून बसायचं कुठे?"

बुवा म्हणाले, "ते बघू मागनं. हॉल बांधू एखादा."

"कडुनिंब आणि ओढा तसाच ठेवला तर वस्ती थोडी वाकडी होईल, पण गार राहील."

"न्हाई न्हाई ताई, तुमी सरळच काढा. आमी सरळ मानसं हाओत!"

सगळे हसले. दिशाताई पण हसल्या, पण त्यांनी कडुनिंबाकडे एकदा वळून बघितलं. मग त्यांनी लोकांनी सांगितलं तसं सरळ काढून दिलं. मध्ये रस्त्यांची फुली, चारी बाजूंना चौकोन, ओढा पाइपात आणि कडुनिंब प्लॉटात.

देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. ज्या प्लॉटात कडुनिंब होता, तो अगदी मधल्या फुलीचा कॉर्नर निघाला सहादेवला. सहादेव म्हणजे मार्केट यार्डातला हमाल. पाठीवर पोती वाहून त्याची मान एका अंगाला कलली होती. त्याचं एकच स्वप्न होतं, दोन्ही बाजूंनी रस्ता असलेल्या जागेवर पिठाची गिरणी टाकायची आणि पोतं पाठीवर न घेता समोर उघडायचं. चिठ्ठी वाचून तो असा नाचला, की त्याच्या बायकोने, माधुरीने, डोक्यावरचा पदर दातात धरला.

कलाआत्यांची चिठ्ठी निघाली पार शेवटच्या कडेची, पाइपाच्या पलीकडे, भिंतीला लागून. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि घडी घालून बटव्यात ठेवली. त्यानंतर त्या एवढंच म्हणाल्या, "हितं दार उघडलं की मानसं दिसत्यात. तिथं दार उघडलं की भिंत दिसल. त्यापरीस मी तिसगावला भाच्याकडं जाते."

फुटायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिलीच फूट चिठ्ठीने पाडली होती.

आता गंमत ऐका. चैत्रात आमचा दरवर्षीचा सप्ताह असतो. अखंड हरिनाम, पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी भजन, सांजेला हरिपाठ आणि कीर्तन, शेवटी काला आणि महाप्रसाद. बुवांच्या मनात आलं, की यंदाचा सप्ताह नव्या जमिनीवर करू. आधी नाम, मग पाया. आणि काल्याच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्लॉटात उभं राहून नारळ फोडायचा.

त्यासाठी पंकजने मोजणीवाल्याबरोबर उन्हात राबून सगळा नकाशा जमिनीवर आखला. कोपऱ्याकोपऱ्याला लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मधून पांढऱ्या फक्कीच्या रेषा ओढल्या. शाळेच्या मैदानावर खेळासाठी आखतात ना, तीच फक्की. माळ असा दिसत होता, जणू कुणी भल्या मोठ्या पाटीवर गणितं मांडलीत.

पंकज बुवांना म्हणाला, "बुवा, सप्ता पलीकडच्या पडीक रानात घेऊ. हितं घेतला तर रेषा मोडतील."

"अरे, भाविक मानसं हायत. कडंकडंनं जातील."

"महाप्रसादाला कडंकडंनं? बुवा, तुमी कधी पंगतीत बसलाय का?"

"तू लई शंका काढतो बग. नामाच्या जागी काय बी बिघडत न्हाई."

आणि बुवांचा शब्द खरा झाला, पण त्यांना वाटलं होतं तसा नव्हे!

मला टेम्पोतून तिथे आणलं. पत्र्याचा मांडव घातला होता, त्यात मला अंथरलं. काकड्यापर्यंत ठीक होतं. ऊन चढलं आणि पत्रा असा तापला, की पारायणाला बसलेले म्हातारे घामाने न्हाऊन निघाले. मग चौघांनी मला ओढत बाहेर नेलं आणि कडुनिंबाखाली टाकलं. सकाळी सावली मावळतीकडे होती म्हणून मावळतीकडे. दुपार कलली तशी उगवतीकडे. सावली सरकली की कलाआत्या हाक द्यायच्या, "उठा गं, देवाची सावली पुढं गेली!" आणि सगळी मंडळी पोथ्या छातीशी धरून उठायची, मला ओढायची नि परत बसायची. असं सप्ताहभर मी त्या झाडाभोवती गोल गोल फिरले. मला तर कडुनिंबाची प्रदक्षिणाच घडली.

लोकही आपल्या पायांनी चालत होते. पाण्याचा टँकर ओढ्याच्या बाजूला, म्हणून झाडापासून तिथे एक वाट पडली. स्वयंपाकाची चूल रस्त्याकडे, तिथे दुसरी. लेकरांना करंजाच्या सावलीत झोळ्या बांधल्या होत्या, तिथे आयांची तिसरी वाट. कलाआत्यांचे गुडघे चढ सोसत नव्हते, म्हणून त्या थोडं वळून सपाटीने यायच्या. त्यांच्यामागे इतर म्हातारी माणसं लागली, आणि ती वाट सगळ्यांत जास्त मळली. काल्याच्या दिवशी नगरहून आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणूस लोटलं. दहीहंडी फुटली, लाह्या उडाल्या. आमटी-भाकरीच्या पंगतीवर पंगती उठल्या. आचाऱ्याला सरपण कमी पडलं, तेव्हा कुणीतरी त्याला म्हणालं, "ती काय, ठोकलेली लाकडं हायत की!" आणि पंकजच्या खुंट्या आमटीखाली गेल्या.

पंगती संपल्या आणि बुवांनी माइकवरून सांगितलं, "आता समद्यांनी आपापल्या प्लॉटात उभं राहावं."

मित्रांनो, ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. सगळी चाळ नवे कपडे घालून, हातात नारळ घेऊन माळावर उभी. आणि फक्की कुठेच नाही! एकही रेषा नाही, एकही खुंटी नाही. एक जण दुसऱ्याला म्हणतोय, "तू माझ्या किचनात उभाय." दुसरा म्हणतोय, "हा तर माझा संडास हाय!" सहादेव धावत कडुनिंबापाशी आला. तिथे मी पसरलेली होते, आणि महाप्रसाद जेवलेले सगळे म्हातारे माझ्यावर गाढ घोरत होते.

"उठा वो! माझ्या कॉर्नरवर झोपलाय तुमी!"

एकाने डोळा न उघडता विचारलं, "भाडं घेतो का काय?"

पंकज डोक्याला हात लावून बसला. बुवांचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात नारळासाठी बोलावलेल्या दिशाताई आल्या. मला वाटलं, आता या रागावणार. पण त्या सगळा माळ फिरून आल्या, उकिडव्या बसल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. फक्कीच्या रेषा गेल्या होत्या, पण वाळलेल्या गवतातून पायवाटा लख्ख उमटल्या होत्या. सगळ्या वाटा कुठून कुठून वळत कडुनिंबाशी येत होत्या, आणि झाडाभोवती, जिथे जिथे मला अंथरलं होतं तिथे, जमीन गोल आणि गुळगुळीत झाली होती.

"ही वाकडी वाट कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," कलाआत्या म्हणाल्या. "का? मोडली का तुमची रेघ?"

"मोडली. बरं झालं मोडली."

मग दिशाताई लहान मुलीसारख्या उत्साहाने बोलायला लागल्या. नकाशा अजून मंजुरीला जायचा होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही सप्ताहभर इथे राहिलात, तशीच वसाहत बांधू. मध्ये कडुनिंब आणि मोकळा चौक. सगळ्यांची दारं चौकाकडे किंवा चौकात येणाऱ्या गल्लीकडे. गाड्या बाहेरच्या कडेला, बंब आणि अँब्युलन्स फिरेल एवढा नियमाचा रस्ता भोवतीने. ओढा पाइपात घालायचा नाही, उघडा ठेवायचा. पावसाचं पाणी त्यातच जिरेल, करंजाची सावली फुकट मिळेल. कंपाउंड वॉल कुणालाच नको. प्रत्येकाची जागा थोडी थोडी कमी होईल, पण अंगण सगळ्यांचं मिळून एवढं मोठं होईल."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्याला लोखंडी गेट हवं होतं तो म्हणाला, "गेट लावायचं कशाला मग?" बायकांना तर लगेच पटलं. त्यांनी सप्ताहात ते जगून पाहिलंच होतं.

पण सहादेवला काय वाटत असेल, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? तो माझ्याच काठावर उभा होता, पायाच्या अंगठ्याने माझी दशी चुरगाळत. चौक होणार होता तो त्याच्या प्लॉटात. त्याचा कॉर्नर गेल्याशिवाय चौक होत नव्हता.

"मी न्हाई देनार," तो म्हणाला. "देवापुढं निघालेली चिठ्ठी हाय. गाड्या थांबत्याल अशा जागी माझी गिरनी होनार हुती. आख्खी उमर पोती वाह्यली मी."

त्याचं काही चुकलं होतं का, मित्रांनो? मला तर नाही वाटलं. कुणीही त्याला लोभी म्हणालं नाही. बुवा म्हणाले, "सहादेवाच्या मनाविरुद्ध काय बी करायचं न्हाई. येत्या रविवारी परत बसू. त्यो न्हाई म्हनला तर सरळ नकाशा हायच." आणि फोडायचे नारळ सगळ्यांनी पिशवीत परत घातले.

तो आठवडा मी तिथेच पडून होते. कुणी मला गुंडाळलं नाही, कारण गुंडाळून न्यायची कुठे हेच ठरत नव्हतं. कडुनिंबाची वाळकी पानं अंगावर पडायची आणि मी मनात जप करायची. सरळ नकाशात मला अंथरायला एक हात जागा नव्हती. मला कापून पोत्यांवर झाकायला घेतील, हे मला दिसत होतं. पण खरं सांगू? माझ्यापेक्षा मला कलाआत्यांची काळजी होती. तिसगावला भाच्याचं घर चांगलं होतं, भाचाही चांगला होता. पण तिथे त्यांना ओळखणारं लेकरू एकही नव्हतं.

रविवार उजाडला. सगळे जमले. तिसगावहून भाचा, वाल्मिक, टेम्पो घेऊन आला, कारण आत्यांनी आदल्या दिवशीच बोचकं बांधलं होतं. त्या टेम्पोजवळ गेल्या आणि थांबल्या.

"थांब रे वाल्मिक. जाताना हिला झटकून तरी जाते. हे समदे हिला अशीच कुजवतील." आणि त्यांनी हाक मारली, "सहादेवा, ये, धर टोक!"

सहादेव आला. माधुरी आली, पंकज आला. आत्यांसकट चौघांनी माझी चार टोकं धरली आणि मला वर उडवलं. सप्ताहात माझ्या पाठीला लागलेली सगळी फक्की एकदम उडाली. पांढराशुभ्र ढग! चौघे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. आत्यांचे केस पांढरेच होते, आता भुवयाही झाल्या. बघणारे पोट धरून हसायला लागले.

"सहादेव तर पार पिठात पडल्यावानी दिसतोय," पंकज म्हणाला. "गिरनी चालू झाली का रं?"

त्या हसण्यात सहादेवची धाकटी मोनिका, नुकतीच चालायला लागलेली, दुडुदुडु धावत आली. आई पांढरी, बाप पांढरा, तिला कुणीच ओळखू येईना. ती रडकुंडीला आली. मग आत्या ओरडल्या, "मोने!" आणि तो आवाज ऐकून ती सरळ त्यांच्या पांढऱ्या लुगड्यात शिरली. दोन्ही मुठींनी पदर गच्च धरला. वाल्मिकने टेम्पोचं दार उघडलं, तरी तिने सोडला नाही.

माधुरी हळूच म्हणाली, "आवो, कॉर्नरवर गिरनी लई चालल. पन आपन दोघं बी कामावर गेल्यावर ही कुनाच्या आवाजाकडं पळल?"

सहादेवने एकदा कॉर्नरकडे बघितलं, एकदा पदरातल्या मुठींकडे. मग पंकजने परत आखायला आणलेली फक्कीची पाटी उचलली. हमालाचा हात, पाटी लीलया खांद्यावर गेली. कडुनिंबापासून लांब जाऊन, वाकून, मुठीमुठीने फक्की टाकत तो झाडाभोवती फिरायला लागला. स्वतःच्या प्लॉटाच्या पार मधून. गोल पुरा करून तो सरळ झाला, हात झटकले आणि दिशाताईंना म्हणाला, "लई वाकडं आलं."

"असंच हवं होतं," दिशाताई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांत फक्की गेल्यासारखे डोळे पुसले.

मग सहादेव आत्यांकडे वळला. "आत्या, टेम्पो रिकामा लावून द्या."

"तू म्हनशील तसं करायला मी काय तुझी बायको हाय?"

"बायको तरी कुठं करतीय!"

माधुरी म्हणाली, "आज करते. आज तुमी म्हनाल ते करते."

आत्यांनी बोचकं खाली ठेवलं, पण लगेच मान तुकवतील तर त्या कलाआत्या कसल्या! "आधी सांगा, माझं दार कुठं निघनार?"

दिशाताईंनी सहादेवच्या गोलाच्या कडेला बोट दाखवलं. "इथे. समोर झाड. शेजारी सहादेवभाऊंचं घर नि गिरणी. पायरी नाही, उतार."

"आन् सावली?"

"सकाळी तुमच्या दारात. दुपारी पलीकडच्यांच्या."

"मग ठीक हाय. दुपारी मी पलीकडं जाऊन बसल." आणि त्या माझ्यावर ऐसपैस बसल्या. मोनिका मांडीत होतीच. बुवांनी तिथल्या तिथे विठ्ठलाचा गजर सुरू केला. टाळ चाळीत राहिले होते, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीतले नारळ त्या दिवशी फुटले, सगळे एकाच ठिकाणी, कडुनिंबाखाली. वाल्मिकनेही एक फोडला आणि जाताना आत्यांच्या ऐवजी जेवणाची मोठी पातेली घेऊन चाळीकडे गेला.

पुढचं काम भराभर झालं असं नाही. मंजुरीला हेलपाटे पडले. बांधकाम चालू असताना मला सिमेंटच्या गोदामात एका कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं. तिथे मला सगळे विसरले. एका कडेला उंदरांनी कुरतडलं, ओल लागून रंग फिका पडला. मी रुसले होते, नाही म्हणत नाही. पण पाया भरल्याच्या, भिंती चढल्याच्या, स्लॅब पडल्याच्या गप्पा दारातून ऐकू यायच्या. मग एक दिवस आत्यांचा आवाज आला, "माझी सतरंजी कुठं टाकली रं?" माधुरीने माझ्या कुरतडलेल्या कडेला जुन्या सहावारीचा हिरवा काठ लावला. तो अजून आहे बघा, तुमच्यातल्या त्या चिमणीच्या गुडघ्याखाली.

आज तुम्ही बघताच आहात. नगर शहर पाथर्डी रस्त्याने पुढे पुढे येतंय, नवीन नवीन इमारती होतायत. पण आमच्या वसाहतीत शिरलं की अंगाला गार वारा लागतो. पावसाळ्यात ओढा वाहतो, आणि करंजावर बगळे उतरतात. चौकात बुद्धपौर्णिमेची वंदना होते, एकादशीचं कीर्तन होतं, कुणाच्या घरी पाहुणे जास्त झाले तर पंगत चौकातच बसते. परीक्षेचा अभ्यास माझ्यावर, भांडणाचा निवाडा माझ्यावर. आत्यांच्या दारात लेकरांची जत्रा. शहरातून माणसं हे बघायला येतात आणि विचारतात, ही कल्पना कुणाची? बुवा छाती पुढे काढून सांगतात, "नामाची!" पंकज मागून म्हणतो, "आन् आमटीची."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडं मागणं आहे. मला ओली असताना गुंडाळू नका. खुर्चीचे पाय माझ्यावरून ओढू नका. महिन्यातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि तुम्ही मोठे व्हाल, कुणी घर बांधाल, कुणी रस्ता आखाल, कुणी आख्खं शहर आखाल. तेव्हा कागदावर सरळ रेषा ओढायच्या आधी त्या जमिनीवर काही दिवस जाऊन बसा. झाडाची सावली कुठे जाते, पाणी कुठे धावतं, म्हाताऱ्या माणसाचे पाय कुठून वळतात ते बघा. त्या जागेत कुणाची तरी सतरंजी पसरेल एवढी मोकळीक ठेवा. देवालाही यायला-बसायला जागा लागते, आणि तो एकटा कधी येत नाही, माणसं घेऊन येतो.

आता जाता जाता शेवटचं. ती गिरणीची घरघर ऐकू येतेय ना? गल्लीतली, छोटीशी. रस्त्याची गिऱ्हाईकं तिथे पोचत नाहीत. वसाहतीचं दळण तेवढं होतं, म्हणून सहादेव अजूनही सकाळी अर्धा दिवस पोती वाहायला यार्डात जातो. चौकात कीर्तन असलं की तो सगळ्यांत मागे, चपलांच्या जवळ बसतो. कुणी त्याचं कौतुक करायला लागलं तर लाजून उठतो आणि गिरणी चालू करतो, म्हणजे पुढचं ऐकू येत नाही. म्हणून त्याच्यासमोर काही बोलू नका. पण बाळांनो, या चौकात, माझ्यावर, जेव्हा केव्हा टेकाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा. मनातल्या मनात एवढंच म्हणा, सहादेवकाका, तुमच्या जागेत बसतोय हो. आणि मागून कुणी आलं, तर त्याला जागा करून द्या.